कीथ फ्लॉइडचं कौतुक कशासाठी?

गेल्या अंकात ताजा बांगडा कसा ओळखावा या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की मासळी रांधताना घाबरायचं नसतं हे मला कीथ फ्लॉइडकडे बघून कळलं. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. कुणी विचारलं, हा कोण? कुणी रागावून लिहिलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : फ्लॉइड हे नाव मला माहीत नव्हतं. मुलाने मोबाइलवर त्याचे जुने कार्यक्रम लावून दिले. हा माणूस कांदा परतता परतता वाइन पितो, मासा उलटता उलटता वाइन पितो. नंतर वाचनात आलं की दारूनेच त्याचं वाटोळं झालं. दारूपायी एक संसार धुळीला मिळालेला मी माझ्या माहेरी पाहिला आहे. अशा माणसाचं नाव तुम्ही आदराने कसं घेता? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, आणि ते झाकून ठेवून मला त्याचं कौतुक करायचं नाही. आधी तो कोण होता ते सांगते, मग ग्लासाकडे येते.

फ्लॉइडचा जन्म १९४३चा, इंग्लंडमधला. सॉमरसेटमधल्या विव्हलिस्कम या लहानशा गावात तो वाढला. ब्रिस्टलच्या वर्तमानपत्रात उमेदवारी केली, मग सैन्यात रणगाडा दलात अधिकारी झाला. तिथे मेसच्या आचाऱ्यांच्या मागे लागून तो त्यांना फ्रेंच पदार्थ करायला लावायचा. सैन्य सोडल्यावर हॉटेलांत भांडी घासली, भाज्या सोलल्या. १९७१पर्यंत ब्रिस्टलमध्ये त्याची स्वतःची तीन रेस्टॉरंट्स झाली होती. ती विकून त्याने बोट घेतली, भूमध्य समुद्रात भटकला, दक्षिण फ्रान्समध्ये हॉटेल चालवलं आणि परत येऊन ब्रिस्टलमध्ये बिस्त्रो, म्हणजे छोटंसं साधं रेस्टॉरंट, काढलं. बीबीसीतला निर्माता डेव्हिड प्रिचर्ड त्याला तिथे भेटला. १९८५मध्ये दोघांनी मिळून माशांवरची पहिली मालिका केली.

तोवर टीव्हीवरचा स्वयंपाक म्हणजे स्टुडिओतला चकचकीत ओटा, आधीच मोजून ठेवलेल्या वाट्या आणि कॅमेऱ्याकडे बघून गोड बोलणारी व्यक्ती. फ्लॉइडने शेगडी उचलली आणि मासेमारीच्या हेलकावणाऱ्या बोटीवर नेली, बाजारात नेली, शेतात नेली. गळ्यात बो टाय, तोंडाचा पट्टा सुरू आणि समोर एकच कॅमेरा. कॅमेरामन क्लाइव्ह नॉर्थ त्याच्या चेहऱ्यावर रेंगाळला की हा त्याला सगळ्यांदेखत दटावायचा : क्लाइव्ह, माझ्याकडे काय बघतोस, भांड्यात बघ! आज प्रत्येक वाहिनीवर कुणी ना कुणी गावोगाव फिरून रांधतं. ती वाट बऱ्याच अंशी त्याने पाडलेली आहे. रिक स्टाइन हा पुढे फार मोठा झालेला शेफ टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तोही फ्लॉइडच्या माशांच्या मालिकेतच.

त्या काळात मी मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये नुकतीच कॉमी म्हणून लागले होते. कॉमी म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची पायरी. आमच्यातल्या एकाच्या भावाने लंडनहून व्हिडिओ कॅसेट आणली होती. ड्यूटी संपल्यावर स्टाफ क्वार्टर्समध्ये आम्ही ती लावली. त्यातला एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो.

फ्लॉइड फ्रान्सच्या बास्क भागात एका बाईंच्या घरी गेला आहे. स्वयंपाकघर त्यांचं, पदार्थ त्यांच्या मुलखातला, पिपेराद नावाचा : कांदा, मिरची, टोमॅटो आणि अंडी. हा पाहुणा त्यांच्याच शेगडीवर तो करायला घेतो, नेहमीच्या ऐटीत, बडबडत. बाई बाजूला उभ्या राहून बघतात. पदार्थ होतो. बाई घास घेतात आणि फ्रेंचमध्ये सरळ सांगून टाकतात की हे जमलेलं नाही. चेहऱ्यावर हसू नाही, पाहुणा म्हणून सवलत नाही. आणि फ्लॉइड काय करतो? कॅमेऱ्याकडे वळून बाईंचा एकेक ताशेरा इंग्रजीत सांगतो. मग बाई पदर खोचल्यासारख्या पुढे होतात आणि स्वतः करून दाखवतात. हा शेजारी उभा राहून बघतो. एवढं सगळं संकलनात न कापता देशभर दाखवलं गेलं.

ताई, आमच्या किचनमध्ये त्या काळी वरिष्ठाला ‘शेफ, मीठ कमी वाटतंय’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. कढई अंगावर यायची. आणि इथे देशभर गाजलेला माणूस एका गृहिणीकडून चारचौघांत धडा घेत होता. स्वयंपाकघर ज्याचं, शब्द त्याचा, हे तो मनापासून मानायचा. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा वर्गात दर वर्षी हा प्रसंग सांगत आले. मी त्याचं नाव घेते ते या गोष्टीसाठी.

आता ग्लास. सुरुवातीला तो त्याच्या फ्रान्समधल्या राहणीचाच भाग होता. जेवणाबरोबर वाइन, रांधतानाही वाइन. पण टीव्हीवर ते लोकांना आवडलं, आणि आवडलं म्हणून ते हवं झालं. ग्लास नसेल तर फ्लॉइड नाही, असं समीकरण बसलं. आपल्याकडेही एखाद्या गायकाबद्दल, नटाबद्दल कौतुकाने बोलतात ना, दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याला रंग चढत नाही म्हणून? तो माणूस घरी पोचतो तेव्हा हे बोलणारं कुणी तिथे नसतं. बायको असते, पोरं असतात. कॅमेऱ्यासमोर फ्लॉइड वाइन प्यायचा. कॅमेरा बंद झाला की व्हिस्की असायची.

डेव्हनमध्ये, टकनहे इथे खाडीकाठी, त्याने पब घेतला. दारूचं व्यसन असलेल्या माणसाने पब घ्यावा आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्याबरोबर एक ग्लास उचलायचा असावा, यातून दुसरं काय होणार होतं? १९९६मध्ये दिवाळं निघालं. प्रिचर्डशी आधीच फाटलं होतं. चार लग्नं झाली, चारही मोडली. दोन मुलं होती. २००४मध्ये दारूच्या नशेत गाडी चालवून अपघात केला. रक्तातलं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघालं आणि ३२ महिन्यांसाठी परवाना गेला. त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी जीव जाऊ शकला असता. हे मी सौम्य करून सांगणार नाही.

१४ सप्टेंबर २००९ला तो गेला, हृदयविकाराने, ६५व्या वर्षी, डॉर्सेटमध्ये. त्याला आतड्याचा कर्करोग होता आणि उपचारांना यश येतंय असं कळलं होतं. त्या दिवशी सोबतिणीचा वाढदिवस म्हणून दोघं समुद्राकाठच्या एका हॉटेलात जेवायला गेले, ऑयस्टर आणि तितर खाल्ले. त्याच रात्री ब्रिटिश वाहिनीवर त्याच्यावरचा माहितीपट लागला. त्यात थकलेला, ग्लास हातात असलेला म्हातारा फ्लॉइड लोकांना दिसला आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो आता नाही. वर्तमानपत्रांनी ‘मनसोक्त जगलेला माणूस’ असं लिहिलं. मला ते पटत नाही. ६५ हे जायचं वय नव्हे, आणि शेवटची वर्षं मनसोक्त नव्हती. तो आजारी होता, आणि त्याच्या आजाराला लोक स्वभाव म्हणत राहिले.

ब्रिस्टलमध्ये त्याला निरोप दिला तेव्हा शवपेटी केळीच्या पानांची होती. त्याआधी आठेक वर्षं भारतातल्या स्वयंपाकावर मालिका करायला तो इथेही येऊन गेला होता. आपण ज्या पानावर जेवतो त्या पानातून तो गेला हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

तुमच्या माहेरच्या माणसाला कुणी रंगेल म्हणून टाळ्या दिल्या असतील तर तुमचा राग योग्यच आहे. माझाही राग त्या टाळ्यांवरच आहे. पण त्या बास्क बाईंसमोर मान खाली घालून उभा राहिलेला स्वयंपाकी मी फ्लॉइडच्या नावातून वजा करू शकत नाही.

प्रश्न : त्याचा एखादा पदार्थ घरी करता येईल असा सांगा. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मग पिपेरादच सांगते, पण त्या बाईंच्या बाजूने. दोन मोठे कांदे उभे चिरा. फोडणी करायची नाही. ऑलिव्ह तेलात, नसेल तर शेंगदाणा तेलात, मंद आचेवर कांदे नुसते मऊ होऊ द्या. लाल करू नका. दोन हिरव्या ढोबळ्या मिरच्या पातळ उभ्या चिरून घाला, चार लसूण पाकळ्या घाला. मिरची मऊ पडली की चार पिकलेले टोमॅटो, गरम पाण्यात बुडवून साल काढलेले. आता मीठ, आणि पाणी आटेपर्यंत धीर धरायचा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिकडे एस्पलेत गावची लाल मिरची वापरतात. ती फार तिखट नसते, किंचित गोडसर असते. आपल्याकडची ब्याडगी पूड चमचाभर घातली तर चांगली लागते. चार अंडी हलकी फेटून घाला, दोन-तीनदाच हलवा आणि अंडं ओलसर असतानाच भांडं उतरवा. भुर्जीसारखं मोकळं होऊ देऊ नका. बास्क घरांतून बरोबर हॅम परततात. ते नसलं तरी काही अडत नाही. पावाबरोबर खा, किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर. भाकरीबरोबर मला जास्त आवडतं.

प्रश्न : माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्रेनिंगहून आल्यापासून म्हणतो, ‘आई, या लाइनीत सगळेच घेतात, चव कळायची तर घ्यावी लागते.’ तुमचा फ्लॉइडही तो मला दाखवतो. मी त्याला काय सांगू? — एक आई, पुणे

उत्तर : ताई, त्याला सांगा की जगातले वाइन चाखणारे व्यावसायिक तोंडात घोट घेतात, फिरवतात आणि पिकदाणीत थुंकतात. दिवसाला कित्येक वाइन चाखायच्या तर दुसरा मार्गच नाही. चव जिभेवर आणि नाकात कळते. पोटात गेल्यावर उलट ती कळेनाशी होते. तेव्हा त्याचं हे कारण टिकणारं नाही.

मात्र ‘सगळेच घेतात’ यातलं अर्धं खरं आहे, आणि ते त्याच्याशी मोकळेपणाने बोला. रात्री साडेबाराला शेवटची ऑर्डर जाते. अंगात आग असते, डोकं भणाणलेलं असतं. घर झोपलेलं, लोकल बंद व्हायच्या बेताला. अशा वेळी उघडा असतो तो बार. त्यात दिवसभर शंभर जणांना वाढणारा माणूस स्वतः धड जेवलेला नसतो, आणि रिकाम्या पोटी दारू लवकर चढते. आमच्या स्टोअरमधून रिक्विझिशनवर, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीवर, स्वयंपाकाची वाइन मिळायची तीत आधीच मीठ कालवलेलं असायचं, कुणी पिऊ नये म्हणून. हे अनेक किचनांत चालतं. व्यवस्थेला धोका ठाऊक असतो, एवढंच त्यावरून कळतं.

माझे एक उस्ताद होते. वाफेच्या वासावरून बिर्याणीचा दम सांगायचे. सकाळच्या शिफ्टला आले की त्यांचे हात थरथरायचे. आल्याच्या काड्या कापायला घेतल्या की सुरी पाटावर टक् टक् वाजायची, पण आलं कापलं जायचं नाही. मग शेजारचा पोरगा काही न बोलता तो पाट स्वतःकडे ओढून घ्यायचा. त्यांच्यापुढे कुणी शब्द काढायचं नाही. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, ही भीती खरीच होती. किचनमध्ये माणूस सांभाळून घेतात ते असं, आणि त्या सांभाळण्यात आजार वाढत जातो. दुपारी घोटभर घेतल्यावर त्यांचा हात स्थिर व्हायचा, तेव्हा नवी पोरं म्हणायची, बघा, घेतल्यावर उस्ताद कसे खुलतात. खुलणं कसलं? शरीराला दारूची इतकी सवय झाली होती, की ती मिळाली नाही तर शरीर थरथरत होतं. पन्नाशीही त्यांनी बघितली नाही.

मुलाला दोन सवयी लावा. ड्यूटीला जाण्याआधी पोटभर जेवण, मग स्टाफ कँटीनचं काही असो. आणि ड्यूटी संपल्यावर जायला दुसरी एखादी जागा : चहाची टपरी, व्यायामशाळा, मित्राची खोली, काहीही. ट्रेनिंगला हॉटेल निवडताना नावाआधी ड्यूटीचे तास विचारायचे. तो तुम्हाला फ्लॉइड दाखवतो तेव्हा त्याच्या शेजारी बसून बघा, आणि नंतर २००९चा फ्लॉइडही बघायला सांगा. दोन्ही एकाच माणसाची चित्रं आहेत.

प्रश्न : माझ्या नवऱ्याने वर्षभरापूर्वी दारू सोडली. आमच्याकडे नाताळच्या केकसाठी सुका मेवा महिनाभर रममध्ये भिजतो. सासूबाई म्हणतात, भट्टीत दारू उडून जाते, काही होत नाही. तसं आहे का? — एक वाचक, वसई

उत्तर : पहिल्यांदा तुमच्या यजमानांचं अभिनंदन. हे वर्ष किती कठीण गेलं असेल ते तुम्हा दोघांनाच ठाऊक.

सासूबाई म्हणतात ते पुष्कळांना वाटतं, पण तसं होत नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं म्हणून ते सगळं निघून जातं असा समज आहे. प्रत्यक्षात ते पाण्यात आणि पिठात मिसळलेलं असतं आणि हळूहळूच जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याविषयी एक तक्ता आहे. मिश्रणात कालवलेलं अल्कोहोल अर्ध्या तासाच्या शिजवण्यानंतर ३५ टक्के उरतं, तासानंतर २५ टक्के, अडीच तासांनंतरही ५ टक्के. हॉटेलात भपका करून पेटवतात त्या पदार्थात तर ७५ टक्के तसंच राहतं, कारण ज्वाळा वरवरच जळते. आणि केक भाजून झाल्यावर वरून रम पाजतात, तिला तर आचच लागत नाही.

प्रमाणापेक्षाही मला काळजी वासाची वाटते. बरणी उघडली की घरभर जो वास पसरतो, तो सोडलेल्या माणसाला थेट जुन्या जागी नेऊन उभा करतो. शिवाय डॉक्टरांनी त्यांना डायसल्फिरामची, म्हणजे दारूपासून दूर ठेवण्यासाठीची, गोळी दिलेली असेल तर अन्नातल्या थोड्याशा अल्कोहोलनेही छाती धडधडणं, उलट्या, घाम असा त्रास होऊ शकतो. गोळी चालू असेल तर हे डॉक्टरांना विचाराच. या वर्षी ती बरणी घरात नको.

तुमच्याच भागात कुणी अजून सोडायच्या विचारात असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगा : रोज खूप पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करायची. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हे काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, जिथे दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात, महाराष्ट्रात ठिकठिकाणी मराठीतून होतात, आणि तुमच्यासारख्या घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत. नवऱ्याने सोडली म्हणून बायकोचं ओझं आपोआप उतरत नाही. तुम्हीही एकदा जाऊन बघा.

आता केक. सुका मेवा संत्र्याच्या ताज्या रसात आणि कडक, बिनदुधाच्या चहात निम्मानिम्मा भिजवा. चहाचा तुरटपणा मेव्याच्या गोडीला आवर घालतो. दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, संत्र्याची किसलेली साल त्यातच टाका. साल किसताना पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतं. ही बरणी महिनाभर ठेवायची नाही, कारण दारूसारखं टिकवणारं त्यात काही नाही. एक रात्र फ्रिजमध्ये भिजली की पुरे. रंगासाठी आणि त्या खोल, किंचित कडवट चवीसाठी साखर जाळून घ्या : कोरड्या कढईत साखर गडद तांबूस होऊन धूर सुटू लागला की गरम पाणी बेताने, लांबूनच घाला, उसळतं. केकला रमचा म्हणून जो काळेपणा आपण समजतो तो बराचसा या जळक्या साखरेचाच असतो. भाजून झाल्यावर उरलेला संत्र्याचा रस थोड्या साखरेबरोबर आटवून वरून पाजा. हा केक फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, म्हणून नाताळच्या दोन-तीन दिवस आधीच करा, आणि सासूबाईंना साखर जाळायला बसवा. तो हात त्यांचाच हवा.